वॉशिंग मशीनसकट भाड्याचा फ्लॅट, कोल्हापूर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फ्लॅटचं बाकी सगळं नंतर, आधी मशीनच्या मागच्या पाण्याच्या चावीबद्दल. भाडं, डिपॉझिट, पार्किंग, उजेड सगळे बघतात. ही चावी सोडून धार किती येते ते कोणी बघत नाही, आणि जाहिरातीत तर 'वॉशिंग मशीनसह' एवढंच असतं.

नागाळा पार्कातला टू बीएचके, सगळ्यात वरचा मजला. ड्राय बाल्कनीत मालकांचं सात किलोचं फ्रंट लोड. त्याच बिल्डिंगमध्ये खाली बिनमशीनचा फ्लॅट महिना हजाराने स्वस्त होता. बायको म्हणाली मशीन पाहिजेच. मी हिशेब घातला: अकरा महिन्यांचे अकरा हजार जास्त, तेवढ्यात सेकंडहँड मशीन स्वतःचं झालं असतं आणि घर सोडताना टेम्पोत टाकून नेता आलं असतं. उन्हाळाभर हा हिशेब मी घरात ऐकवला. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर जीन्स दुपारच्या आत कडक वाळते, तिथं मशीनचं कसलं कौतुक?

जुलै लागला आणि मी तो हिशेब बंद केला. गच्चीत पाऊल टाकायची सोय नाही, ऊन बघायला मिळत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे सरकायला लागली की कोल्हापुरात दुसरा विषय नसतो, आणि आमच्या घरात विषय सॉक्सचा. गडहिंग्लजला आई अशा दिवसांत शेगडीवर डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) पालथं घालून त्यावर कपडे वाळत टाकायची, सगळ्या शर्टांना धुराचा वास. इथं मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या स्पिनमधून शर्ट निघतो तो नुसता दमट. रात्री फॅनखाली टाकला की सकाळी इस्त्री करून ऑफिसला. मात्र हा ड्रायर नव्हे, एवढं लक्षात असू द्या. टर्किशचा टॉवेल आणि जीन्सची कंबर दुसऱ्या दिवशीही ओलीच असते. तरी जुलै-ऑगस्टपुरते ते हजार मी आनंदाने दिले.

मग गौरी-गणपतीच्या तोंडावर, पाहुण्यांच्या चादरी आत असताना, मशीन मध्येच थांबलं. पाणी येत नसल्याचा कोड, दार लॉक, आत साबणाचं पाणी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने 'उद्या येतो' करत चार दिवस काढले. आलेल्या पोराने मात्र मशीन उघडलंच नाही. मागचा पाईप काढला, बादली धरली, चावी पूर्ण सोडली. धार करंगळीएवढी. "साहेब, टाकी कुठाय तुमची?" म्हटलं, डोक्यावरच की. म्हणाला, "तेच तर."

भानगड अशी की टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). आमच्या मशीनपासून टाकीचा तळ जेमतेम अडीच मीटरवर, म्हणजे पाव बार. बऱ्याच फ्रंट लोडना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. तळमजल्यावरच्या वहिनींचं तसलंच मशीन बिनतक्रार चालतं, कारण त्यांच्या डोक्यावर अख्खी बिल्डिंग आहे. मग इतके दिवस आमचं चाललं कसं? रडतखडत. पावसाळ्याच्या गढूळ पाण्याने उरलंसुरलं संपवलं. पोराने पाईप जोडतात तिथली बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी पक्कडीने ओढून काढली आणि तळहातावर आपटली. तांबडा गाळ, चिमूटभर. ब्रशने घासून परत बसवली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि सांगून गेला की प्रेशर पंप बसवा, नाहीतर मी परत येतोच.

आता पंप कोणाचा? मालक पुण्याला असतात, फोनवर गोड बोलतात. "मी मशीन चालू स्थितीत दिलं होतं." म्हटलं, "मशीन चालूच आहे काका, पाणी चालू नाही. आणि पाणी घराचं." करार काढला. रीतसर ऑनलाइन नोंदवलेला आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही मालकाचीच जबाबदारी असते आणि त्यात काकांनी कुचराई केलेली नाही. पण वस्तूंच्या यादीत 'वॉशिंग मशीन: १' एवढीच ओळ. दुरुस्ती कोणी करायची याबद्दल अवाक्षर नाही. आठवडाभर फोनाफोनी झाली. शेवटी पंपाचे साडेचार हजार भाड्यातून वळते करून घ्यायचे ठरले. प्लंबर आणि व्हिजिट माझ्या खिशातून, ते अजून डाचतं.

पंपानंतर मशीन झकास चालतंय. पंप मात्र चावी सोडली की घुंई करतो, त्यामुळे पहाटे धुणं लावायचं नाही असा खालच्यांशी तह आहे. लाईट बिलाचं म्हणाल तर खरा खाणारा आतला हीटर, दोन हजार वॅटचा. साठ डिग्रीवर रोज धुतलं तर महावितरणची शंभर युनिटची पायरी ओलांडून वरचा दर लागतो. मी गार पाण्यावर ठेवतो, बायको परत फिरवते. दाराचं रबर पुसून दार उघडं टाकायचं, नाहीतर कुबट वास येतो. पावडर जास्त पडली की न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीतून, फेस वर येतो. फ्लॅटला वारा छान आहे, पश्चिमेचा पाऊस हॉलमध्ये येतो, शेजार चांगला. बाकी काही तक्रार नाही.

वरच्या मजल्यावर मशीनसकट घर बघत असाल तर मालकासमोरच पाईप काढायला लावा आणि बादली भरून बघा. दहा लिटरची बादली दीड-दोन मिनिटांत भरली तर ठीक. ताटकळायला लागलं तर पंपाचं बोलणं सही करायच्या आधी.

आमचे अकरा महिने संपत आलेत. काका आठ टक्के वाढ मागत होते. मी पाच म्हणालो, आणि वर मशीन-पंपाची दुरुस्ती मालकाकडे असं कलम. टक्क्यांवर ते त्याच फोनवर खाली आले. कलमावर अजून अडून आहेत.