जोशी रेल्वे संग्रहालय, कोथरूड : मॉडेल बांधणाऱ्याच्या नजरेतून

पुण्यात कोथरूड येथे, कर्वे रस्त्याच्या परिसरात असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहायला बहुतेक कुटुंबे मुलांच्या आग्रहाखातर जातात. मुलांना ते आवडतेच, त्याविषयी वेगळे सांगायला नको. परंतु ज्यांना घरी रेल्वेचे मॉडेल उभारायचे आहे आणि तेही आपल्याच भागातील एखाद्या मार्गाचे, त्यांनी हे संग्रहालय कसे पाहावे, याविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही; म्हणून हा अभिप्राय त्या दृष्टीने लिहीत आहे.

भाऊसाहेब जोशी यांनी जोपासलेल्या छंदातून हे संग्रहालय उभे राहिले आणि १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. मांडणी ‘एचओ’ प्रमाणातील आहे, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी (१:८७). एक अख्खे शहर आपल्यासमोर पसरलेले असते. वाफेच्या इंजिनांपासून वेगवान विद्युत गाड्यांपर्यंत अनेक प्रकारच्या गाड्या त्यात धावतात. रोपवे आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची जागाही आहे. खेळ सुरू झाला की निवेदनाबरोबर एकेक गाडी हालते, आणि खोलीतील उजेड कमी केल्यावर घरांचे, रस्त्यांचे व सिग्नलांचे दिवे लागतात. खेळ ठरावीक पाळ्यांनी होत असल्यामुळे जाण्यापूर्वी वेळ विचारून घेणे इष्ट.

वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यातून निघणारा धूर सर्वांचे लक्ष वेधून घेतो. अशा इंजिनाच्या धुराड्यात एक लहानशी तापणारी नळी बसवलेली असते; तीत खास तेलाचे काही थेंब घातले की त्याची वाफ होऊन पांढरा धूर वर येतो. मला मात्र गाडीचा धूर पाहण्यापेक्षा तिचे सुटणे आणि थांबणे पाहण्यात अधिक गोडी वाटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी खरी गाडी या प्रमाणात सेकंदाला जेमतेम १९ सेंटीमीटर सरकली पाहिजे, आणि घाट चढणारी मालगाडी त्याच्याही निम्म्या वेगाने. एवढ्या संथ गतीने, न अडखळता, सांध्यांवरून, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागांवरून, इंजिन नेणे ही मॉडेलच्या मोटारीची खरी कसोटी असते. चाके आणि रूळ स्वच्छ नसतील तर वीज खंडित होते आणि इंजिन सांध्यावरच उभे राहते. ज्यांनी घरी चार रूळ जोडून पाहिले आहेत त्यांना या खोलीतील देखभालीची किंमत चटकन कळेल. इतकी वर्षे लोकांसमोर नियमितपणे चालणारी मांडणी ही माझ्या मते या संग्रहालयाची सर्वांत मोठी कामगिरी आहे, आणि तिच्यासाठी तिकिटाचे पैसे आनंदाने द्यावेत.

या शहराचा तोंडवळा युरोपीय आहे. घरांची छपरे, स्थानकांच्या इमारती, गाड्यांचे रंग हे सारे बहुतांशी तिकडचे आहे, कारण या छंदाची साधने प्रामुख्याने तिकडेच तयार होत आली. शिवाय वेगवेगळ्या काळांतील गाड्या येथे एकाच वेळी धावतात. रेल्वेचे सगळे प्रकार एका बैठकीत दाखवायचे असल्यामुळे संग्रहालयाला ते शोभते. घरी एखाद्या विशिष्ट ठिकाणाचे मॉडेल करणाऱ्याला मात्र ही मुभा नाही. त्याला एक जागा निवडावी लागते आणि तिच्याबरोबर एक वर्षही निवडावे लागते, आणि ते निवडण्यासाठी स्थानिक रेल्वेच्या इतिहासात शिरण्यावाचून गत्यंतर नाही.

पुण्याजवळचेच उदाहरण घेऊ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे आपल्या जीआयपीने, १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे गाडी सुरू केली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण मध्ये बोरघाट उभा होता. खोपोली ते खंडाळा हा टप्पा तेव्हा प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा गाडी करून ओलांडावा लागे. घाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये सुमारे ५५८ मीटर चढ आणि सर्वांत कठीण जागी ३७ला १, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर, असा उतार, हे त्याचे स्वरूप. संग्रहालयातील प्रमाण लावून पाहिले तर एवढा घाट बसवायला सुमारे २९० मीटर लांबीची आणि साडेसहा मीटर उंचीची जागा लागेल. म्हणून निवड करावीच लागते, आणि इतिहास ठाऊक असला की ती डोळसपणे करता येते.

डेक्कन क्वीन कोणाला करावीशी वाटणार नाही? आजच्या सोळा-सतरा डब्यांची गाडी या प्रमाणात चार मीटरच्या पुढे जाते. घरातल्या खोलीत ती स्थानकातच मावत नाही. पण १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा तिला सातच डबे होते, आणि सात डब्यांची गाडी दीड-पावणेदोन मीटरांत बसते. येथे एक सावधगिरी हवी. खंडाळ्याजवळचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन, जेथे गाडी एका दिशेने आत येई आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने बाहेर पडे, ते १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले. त्यामुळे डेक्कन क्वीन आणि रिव्हर्सिंग स्टेशन एकाच मांडणीत दाखवणे म्हणजे कधीही न घडलेली गोष्ट दाखवणे होय. देखणेपणासाठी अशी सरमिसळ केलेली मॉडेल मी पाहिली आहेत, आणि ती पाहताना मला खरोखर वाईट वाटते, कारण करणाऱ्याची मेहनत त्यांत खोटी ठरते.

रुळांचा प्रश्न तितकाच नाजूक आहे. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि हे अंतर युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाशी जुळते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक हवा. तयार रुळांवर भारतीय इंजिन ठेवले की समोरून पाहताना ते अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. संग्रहालयात गाड्या आणि रूळ एकाच परंपरेतील असल्यामुळे ही विसंगती जाणवत नाही. ती घरी जाणवते. महाराष्ट्रातील अरुंद मार्ग निवडणाऱ्याची मात्र यातून सुटका होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने उभारलेल्या आणि १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे होते. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि ‘एन’ या एचओहून लहान प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ ९ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ तेवढेच, असतात. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर किंवा लातूर या भागातील कोणी हा छंद घेणार असेल, तर त्याने सर्वप्रथम याच मार्गाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

माहिती कोठे मिळते, असे मला अनेक जण विचारतात. जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर, जुने वेळापत्रक आणि सर्वेक्षणाचे नकाशे यांच्यापासून आरंभ करावा. नंतर प्रत्यक्ष जागी जावे. स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते; दोन स्थानकांच्या उंचीतील फरक आणि त्यांच्यातील अंतर घेतले की सरासरी चढ हाती येतो. पुलांवर क्रमांक असतात, कधी बांधकामाचे वर्षही कोरलेले असते. निवृत्त सांधेवाले, गँगमन आणि गार्ड यांच्याशी बोलावे; कोणत्या लूपवर, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर, मालगाडी उभी राहत असे, पाण्याची टाकी कोठे होती, हे त्यांच्याइतके नेमके कोणताही कागद सांगत नाही. रुळांवर किंवा बोगद्यात मात्र पाऊल ठेवू नये. फलाटावरून, फाटकावरून आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून पुरेसे दिसते. मुंबईकडून संग्रहालय पाहायला येणाऱ्यांनी कर्जत ते लोणावळा हा टप्पा जागेपणी पाहावा : गाडीला घाटात वर रेटण्यासाठी कर्जतला मागून जोडली जाणारी बँकर इंजिने, ठाकूरवाडी आणि मंकी हिल, आणि ब्रेक निकामी झालेल्या गाडीला अडवण्यासाठी मुख्य मार्गापासून वर चढत जाणारे कॅच सायडिंग. हे पाहून त्याच दिवशी संग्रहालयात गेले की तेथील प्रत्येक चढ आणि प्रत्येक सांधा वेगळ्या अर्थाने दिसू लागतो.

घरी काय करावे, असे विचाराल तर माझी पसंती जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनला आहे. मोठ्या वर्तुळाकार मार्गाची त्याला गरज नाही, भिंतीलगतची लांब, अरुंद फळी पुरते, आणि इंजिन सोडणे, फिरवणे, पुन्हा जोडणे यांत खेळणाऱ्याला सतत काम राहते. घाटातील मार्गावर वीज येण्याच्या आधीचे वर्ष धरले तर विजेच्या तारा आणि खांब लावावे लागत नाहीत. जीआयपीच्या त्या काळातील वाफेच्या इंजिनांची तयार मॉडेल सहज मिळत नाहीत, त्यामुळे जुन्या छायाचित्रांवरून ती स्वतः बांधावी लागतील, आणि त्यासाठी एखादे वर्ष हाताशी ठेवावे.