'जॉइंट नाव' पॅकेज, नौपाडा (ठाणे): दस्त चोख, सल्ला लंगडा

बक्षीसपत्र करून घराच्या मालकीत मुलाचं नाव जोडून देणारं हे पॅकेज. कागदाचं काम खरंच चोख. दुय्यम निबंधकाकडची वेळ, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सगळं वेळेवर. राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये, वर स्थानिक अधिभार वेगळा, हेही स्पष्ट सांगतात.

घोळ 'मुलाचं नाव चढवा, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) टळेल' या सल्ल्यात आहे. ठाण्यात केलेल्या मृत्युपत्राला ठाण्यातल्या फ्लॅटपुरतं प्रोबेट सक्तीचं नव्हतंच; ती भानगड मुंबईची होती, तीही 2025 पर्यंतच. शिवाय जॉइंट मालक गेला की हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, वारसांकडे जातो. हिंदू कुटुंबात मुलगा आधी गेला आणि मृत्युपत्र नसलं, तर त्याच्या हिश्श्यात सून, नातवंडं, आई येतात. वडील नाहीत! हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

नोंदलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. पूर्ण फ्लॅट विकायला मुलाची सही लागते, त्याचं कर्ज थकलं तर त्याच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते. मसुद्यात हिश्श्याची टक्केवारीही नाही. ती लिहून घ्याच. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. सिडकोच्या भाडेपट्ट्याला हस्तांतराची परवानगी आणि शुल्क निराळं.

दोन साक्षीदारांचं मृत्युपत्र करा, त्याला मुद्रांक शून्य. पॅकेजला पाचपैकी दोन.