इंटेंशनल ग्राउंडिंग: शाळेचं, कॉलेजचं की एनएफएलचं नियमपुस्तक?

अमेरिकेत राहताय आणि अमेरिकन फुटबॉलचे पंच व्हायचं मनात आहे, तर आधी नियमपुस्तक ठरवावं लागतं. न्यू जर्सीत शाळांचे सामने एनएफएचएसच्या, म्हणजे शालेय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी होतात. टेक्सासमध्ये मात्र शाळासुद्धा एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या नियमांनी खेळतात. युरोपातल्या क्लबांचे नियमही बहुतांशी एनसीएएवरच बेतलेले आहेत. आणि टीव्ही पाहून आपल्या डोक्यात बसलेली असते ती एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग. या तिघांमधला फरक इंटेंशनल ग्राउंडिंगमध्ये, म्हणजे नुकसान टाळायला चेंडू मुद्दाम रिकाम्या जागी फेकण्याच्या फाउलमध्ये, लख्ख दिसतो.

प्रसंग तिन्हीकडे एकच. बचावपटू अंगावर आलेत, आता पडलो तर यार्ड जाणार, म्हणून क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जवळपास रिसीव्हर (पास झेलणारा) नसलेल्या जागी चेंडू फेकून देतो. नावात हेतू असला तरी पंचाने कुणाचं मन वाचायचं नसतं. दबाव होता का, फेकणारा कुठे होता, चेंडू कुठे पडला आणि तिथे पास घेऊ शकणारा खेळाडू होता का, एवढंच पाहायचं. दबाव नसताना रिसीव्हर भलतीकडे वळला आणि पास रिकाम्या जागी गेला, तर ती दोघांची चुकामूक. तिथे फ्लॅग, म्हणजे फाउल दाखवणारं फडकं, टाकू नये. एनएफएलच्या नियमात तर दबावाची अट स्पष्ट लिहिलेली आहे.

खरी फारकत होते ती जागेवरून. क्वार्टरबॅक बाजूला पळाला आणि त्याचा चेंडू निदान स्क्रिमेज रेषेपर्यंत, म्हणजे खेळी सुरू झाली त्या रेषेपर्यंत, पोहोचला, तर रिसीव्हर नसला तरी आज तिन्हीकडे माफ आहे. पण बाजूला म्हणजे किती? एनएफएलमध्ये दोन टॅकल (पुढच्या फळीतले दोन्ही बाजूंचे खेळाडू) जिथे उभे होते त्याच्या बाहेर. कॉलेजमध्ये स्नॅप देणाऱ्यापासून, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणाऱ्यापासून, 5 यार्ड. शाळेत 4 यार्ड, आणि ही सवलत शाळांना मिळाली तीच 2022 मध्ये. त्याआधी शिकलेले पंच अजूनही सवयीने फ्लॅग काढताना दिसले तर नवल नाही. साडेचार यार्डांवरून फेकलेला तोच चेंडू शाळेत चालतो, कॉलेजात फाउल ठरतो. म्हणून स्नॅपच्या वेळी चेंडू कुठे होता हे मनात पक्कं धरून ठेवायला हवं. नंतर अंदाजाने ते सापडत नाही.

आता शिक्षा. समजा तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), आणखी 8 यार्ड मिळवायचे आहेत, चेंडू स्वतःच्या 30 यार्डांच्या रेषेवर. क्वार्टरबॅक 22 वरून फेकतो, चेंडू 28 वर रिकाम्या जागी पडतो. फाउल तिन्हीकडे, डाउनही तिन्हीकडे जातो. एनएफएलमध्ये खेळी सुरू झालेल्या जागेपासून 10 यार्ड मागे, म्हणजे 20 वर, चौथा डाउन आणि 18 यार्ड बाकी. कॉलेजात जिथून फेकला तिथेच, 22 वर, चौथा आणि 16. शाळेत फेकलेल्या जागेपासून आणखी 5 मागे, 17 वर, चौथा आणि 21. या प्रसंगात सगळ्यांत कडक शिक्षा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आहे, आणि नवा पंच चुकतो तोही इथेच, कारण टीव्हीवरचे 10 यार्ड तोंडपाठ झालेले असतात. क्वार्टरबॅक 30 पासून 10 यार्डांहून जास्त मागे गेला असता, समजा 15 वर, तर एनएफएलमध्येही चेंडू फेकल्या जागी, 15 वरच ठेवला असता.

स्वतःच्या एंड झोनमधून, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्यातून, फेकला तर तिन्हीकडे सेफ्टी, म्हणजे समोरच्या संघाला 2 गुण. फेब्रुवारी 2012 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीच्या पहिल्याच पासवर हे झालं. चेंडू मैदानाच्या मध्यभागी लांबवर गेला होता, पण तिथे त्याचा एकही रिसीव्हर नव्हता. न्यू इंग्लंडने सामना 21-17 असा गमावला. लांब फेकला म्हणजे सुटला, हा प्रेक्षकांचा समज त्या एका निर्णयाने खोटा ठरवला.

घड्याळ थांबवण्यासाठी स्नॅपनंतर लगेच चेंडू जमिनीवर आपटणं सगळीकडे वैध आहे. त्यात गोंधळायचं कारण नाही.

माझा सल्ला: निवड हातात असेल तर कॉलेजचं पुस्तक आधी शिका. शिक्षेची जागा सरळ आहे, आणि टेक्सासपासून युरोपपर्यंत ते कामी येतं. पण न्यू जर्सीत उभं राहायचं असेल तर शाळेचंच घ्या. दोन पुस्तकं एकाच हंगामात डोक्यात ठेवू नका. एनएफएल पाहा, पण त्यावरून शिकू नका.

कुठलंही पुस्तक घ्या, सुरुवात कडेच्या पंचाच्या जागेवरून करा. रेफरीची, म्हणजे मुख्य पंचाची, नजर क्वार्टरबॅकवर आणि त्याच्या अंगावर येणाऱ्यांवर असते. चेंडू कुठे पडला, तिथे कोण होतं हे त्याला दिसत नाही. ते कडेवरचा पाहतो, धावत येऊन सांगतो, आणि मग रेफरी फ्लॅग टाकतो. उशिरा पडलेला हा फ्लॅग पाहून प्रशिक्षक ओरडतात, पण तीच योग्य पद्धत आहे. रेफरीकडे जाताना दोनच गोष्टी न्या: चेंडू रेषेपर्यंत पोहोचला का, आणि पास घेऊ शकणारा सर्वांत जवळचा खेळाडू किती दूर होता.