फ्री रेंज अंडी घ्यायची का? घ्या, पण चवीसाठी नको

पुण्यात घरपोच फ्री रेंज अंडी, म्हणजे दिवसा बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी, देणारी एक छोटी कंपनी आहे, तिच्याकडून पावसाळ्यापासून अंडी घेतेय. तक्रार पण आहे म्हणून नाव लिहीत नाही. सहाचा बॉक्स 96 रुपये, म्हणजे 16 ला एक अंडं, आणि खालच्या दुकानात पांढरं अंडं 7 ला मिळतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढ्यात वाटीभर कोलंबी आली असती."

चवीचं आधीच सांगून टाकते, फार फरक नाही. दोन्ही प्रकारच्या अंड्यांचं हाफ फ्राय करून न सांगता सगळ्यांना वाढलं, कुणालाही ओळखता आलं नाही, भुर्जीत तर कांदा मिरचीपुढे अंड्याला कोण विचारतंय. बलक मात्र मस्त नारंगी असतो आणि बॉक्सवर लिहिलंय की नारंगी बलक म्हणजे जास्त पौष्टिक. ही सरळ सरळ थाप आहे. रंग खाद्यातून येतो, मका नाहीतर हिरवा पाला खाल्ला की येतो, आणि खाद्यात झेंडूचा अर्क घातला तर पिंजऱ्यातली कोंबडी पण तस्साच बलक देते. तपकिरी कवच तर निव्वळ जातीवर असतं, तरी लोक 'गावरान' म्हणून जास्त पैसे मोजतात. आणि हो, उकडायला ताजी अंडी घेऊ नका, सालासोबत निम्मं पांढरं निघून येतं, आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा मग उकडा.

मग जास्तीचे 9 रुपये कशाचे? तर कोंबडीच्या जागेचे. नेहमीच्या लेअर (अंड्यांच्या) पोल्ट्रीत एका पिंजऱ्यात तीनचार कोंबड्या असतात, एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढी पण जागा येत नाही, पंख पसरायचे नाहीत, मातीत लोळायचं नाही. खालची जाळी उताराची असते म्हणजे अंडं घरंगळत पुढे येतं, विष्ठा खाली पडते, त्यामुळे अंडी स्वच्छ आणि स्वस्त, हे मान्यच करायला हवं. ह्या कंपनीचं फार्म रविवारी बघू देतात, शिरूरच्या बाजूला आहे, आम्ही जाऊन आलो. कोंबड्या दिवसभर खरंच झाडाखाली उकरत होत्या, संध्याकाळी आत घेतात. मोकळ्या कोंबड्या एकमेकींना टोचून जखमी पण करतात, हे तिथल्या दादांनी न विचारता सांगितलं. बरं वाटलं.

पिंजरावाले बर्ड फ्लूचं कारण देतात, की बाहेर सोडलं की रानपक्ष्यांशी संपर्क येतो. खरंय, युरोपात साथ आली की मोकळ्या कोंबड्या पण शेडमध्ये कोंडायला लावतात. पण 2006 ला नंदुरबारकडच्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये साथ आली तेव्हा तिथल्या कोंबड्या काय रानात चरत होत्या?

आता तक्रार. मधे एकदा बॉक्स आला त्यावर फ्री रेंजच्या जागी 'केज फ्री' लिहिलेलं, भाव तोच, मेसेज काही नाही. फोन केला तर म्हणे मॅडम एकच आहे ना. एकच कसं असेल? केज फ्री म्हणजे पिंजरा नाही एवढंच, शेडमध्ये दाटीवाटीनं असू शकतात, बाहेरचं ऊन बघितलंच पाहिजे असं नाही. युरोपात प्रत्येक अंड्यावरच आकडा छापतात, 0 ऑरगॅनिक, 1 फ्री रेंज, 2 शेडमधलं, 3 पिंजऱ्यातलं. जुन्या पद्धतीचे अरुंद पिंजरे तिकडे 2012 पासून बंद आहेत, तरी मोठ्या पिंजऱ्यांचा 3 नंबर चालूच आहे, पण निदान घेणाऱ्याला कळतं तरी. आपल्याकडे तसा आकडा नाही, बॉक्सवर जे छापलं ते वाचायचं. म्हणून सांगते, जो फार्म बघू देत नाही त्याच्याकडून 16 रुपयांचं अंडं घेऊच नका, त्यापेक्षा दुकानातलं बरं.

डिलिव्हरी वेळेवर, फुटकी अंडी बदलून देतात, पॅकिंगची तारीख असते. मी चालू ठेवलंय, आता बॉक्स दारातच वाचून घेते. साडेतीन स्टार, एक केज फ्रीच्या गडबडीसाठी कापला, अर्धा त्या नारंगी बलकाच्या थापेसाठी.