नागपुरी मराठी लिहिणाऱ्यांसाठी एआय : काय कामाचं, काय टाळायचं

चॅटजीपीटी, जेमिनी आणि क्लॉड ही तिन्ही साधनं आज मराठीत सरळ बोलतात. मोबाइलवर फुकट चालतात, देवनागरीत विचारलं की देवनागरीतच उत्तर देतात, शुद्धलेखनही बऱ्यापैकी सांभाळतात. तरी त्यांच्याकडून अख्खा मजकूर लिहून घेतला की तो धरमपेठेतल्या माणसाचा वाटत नाही, महालातल्याचा वाटत नाही, कोणाचाच वाटत नाही. मग दुकानाची जाहिरात, सोसायटीची सूचना, पाककृती किंवा दिवाळी अंकाचा लेख लिहिणाऱ्यांनी ती वापरावीत का? जरूर वापरावीत, पण वाचक म्हणून. मजकूर आपण लिहायचा, त्यांनी वाचायचा आणि कुठे अडतं ते सांगायचं. ही अट पाळली तर तिन्ही साधनं चांगली आहेत. अट मोडली की तिघांमध्ये निवडण्यासारखं फारसं उरत नाही.

नेमकं काय बिघडतं ते एका छोट्या मजकुरावर पाहू. संत्र्याच्या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर टाकावा असा हा मजकूर:

"आंबियाचा माल आला आहे. साल ढिली आहे, सोलायला सोपा. फोडीत बिया आहेत, पण रस भरपूर. माल पहाटेच कळमन्यातून येऊन राहिला, म्हणून सकाळी या. दुपारी उरतो तो बारीक माल."

हाच मजकूर देऊन "आकर्षक करून दे" म्हटलं की साधारण असं काही हातात येतं:

"नागपूरची संत्री म्हणजे केवळ एक फळ नाही, तर ती आपल्या मातीची ओळख आहे! ताज्या, रसाळ आणि आरोग्यदायी संत्र्यांचा अनुभव घेण्यासाठी आजच आमच्या दुकानाला भेट द्या."

व्याकरणाची चूक एकही नाही, आणि कामाची माहितीही एकही उरली नाही. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत धरतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतं. मृगाचा बहार पावसाबरोबर फुलतो, त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चात येतं. जाणत्या गिऱ्हाइकाला 'आंबिया' म्हटलं की एवढं सगळं कळतं. साधनाने तो शब्दच गाळला. काही वेळा तर त्याचा संबंध आंब्याशी लावून मोकळं होतं. 'साल ढिली' त्याला मालातली खोट वाटते, म्हणून तीही गेली. वास्तविक सुटी, ढिली साल ही नागपुरी संत्र्याची ओळख आहे. बियांचा उल्लेख गेला, आणि त्याच्याबरोबर दुकानदार खरं सांगतो हा विश्वासही गेला. कळमन्याच्या घाऊक बाजारातून पहाटे माल येतो, हे सकाळी येण्याचं कारण मूळ मजकुरात होतं. नव्या मजकुरात उरला तो नुसता 'आजच'.

असं का होतं, हे समजलं तर उपायही सापडतो. मॉडेल, म्हणजे साधनाच्या आतला मजकूर घडवणारा प्रोग्राम, पुढचा शब्द निवडताना सगळ्यात संभवनीय शब्दाकडे झुकतं. त्याने वाचलेली मराठी मुख्यतः बातम्यांची, विश्वकोशी नोंदींची, सरकारी परिपत्रकांची आणि इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरांची आहे. सीताबर्डीच्या दुकानातलं बोलणं तिथे जवळपास नाहीच. त्यावर आणखी एक थर चढतो. उत्तरं माणसांच्या पसंतीनुसार घडवताना नम्र, गोड, सगळ्यांना चालेल अशी भाषा वर येते. या दोन्हींतून तयार होणारी मराठी लगेच ओळखू येते: 'केवळ अमुक नाही तर तमुकदेखील', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', 'आजच्या धावपळीच्या जगात', 'च्या माध्यमातून', 'चला, जाणून घेऊया'. विशेषणं तीन-तीनच्या जुडीने येतात, नामाआधी विनाकारण 'एक' चिकटतं, आणि मजकूर काहीतरी शिकवण देऊनच संपतो. यातलं काही आपल्या लेखात दिसलं तर ते वाक्य दुरुस्त करत बसू नये, काढून टाकावं. बहुतेक वेळा अर्थ तसूभरही कमी होत नाही.

आता कामाची पद्धत. पहिला खर्डा आपल्या तोंडचा असावा. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचं बटण दाबायचं आणि समोर कोणी बसलं आहे असं समजून बोलत जायचं. चार-पाच मिनिटांत चार-पाचशे शब्द सहज होतात. बोलून टाइप केलेल्या मजकुरात पूर्णविराम नसतात, 'मले'चं 'मला' होऊन बसतं, गावांची नावं मोडतात. नावं आणि बोलीतले शब्द आधी हाताने दुरुस्त करून घ्यावेत, मगच मजकूर साधनाला द्यावा. तेव्हाची सूचना अशी: "फक्त विरामचिन्हं आणि परिच्छेद घाल. एकही शब्द बदलू नको, गाळू नको, वाढवू नको." एवढं सांगूनही इकडेतिकडे एखादा शब्द बदलतोच, आणि तो नजरेला सापडत नाही. म्हणून मूळ आणि नवा असे दोन दस्तऐवज गूगल डॉक्समध्ये ठेवून 'टूल्स'मधली दस्तऐवजांची तुलना चालवावी. वर्डमध्ये हीच सोय 'रिव्ह्यू' टॅबखाली 'कम्पेअर' नावाने आहे. प्रत्येक बदल रंगाने दिसतो. ही पायरी गाळू नये. आपली भाषा निसटते ती अशा न दिसणाऱ्या बदलांतूनच.

"माझ्या शैलीत लिही" एवढ्यावर भागत नाही, कारण तुमची शैली त्याला दिसलेली नसते. स्वतःचे तीन जुने मजकूर द्यावेत, प्रत्येकी तीन-चारशे शब्दांचे आणि ज्या प्रकारचं लिहायचं आहे त्याच प्रकारचे. पाककृती लिहायची असताना भाषणाचे नमुने दिले तर पाककृती भाषणासारखी उतरते. दुसऱ्या कोणी संपादन केलेला मजकूर नमुन्यात घालू नये. सोबत दोन याद्या जोडाव्यात. एक हात न लावायच्या शब्दांची: सांबार, आलू, फल्लीदाणे, वावर, पऱ्हाटी, 'करून राहिला'. दुसरी अजिबात नकोत अशा शब्दांची, म्हणजे वर दिलेली 'महत्त्वपूर्ण' मंडळी. पहिल्या यादीत अर्थही लिहावा. सांबार म्हणजे कोथिंबीर हे सांगितलं नाही तर सांबारवडीच्या कृतीत डाळ आणि चिंच शिरते. ही सामग्री दर वेळी चिकटवायची गरज नाही. चॅटजीपीटी आणि क्लॉडमध्ये 'प्रोजेक्ट', जेमिनीत 'जेम' करून ती एकदाच ठेवता येते. कायमच्या सूचनांच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा असते, आणि देवनागरीत काना, वेलांटी, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, तिथे ती चार चिन्हं होतात. म्हणून रकान्यात याद्या ठेवाव्यात आणि नमुने वेगळ्या फाइलमध्ये जोडावेत.

खर्डा तयार झाला की दुरुस्ती मागण्याआधी प्रश्न मागावेत. "हा मजकूर नागपूरबाहेरच्या वाचकाला कुठे अडेल? पाच जागा दाखव. नवीन वाक्य सुचवू नको." इथे ही साधनं खरोखर चोख आहेत. कोणतं नाव ओळख न देता आलं, कुठे काळ बदलला, कुठे एकच गोष्ट दोनदा सांगितली, हे ती पटकन पकडतात. घरातला माणूस भिडेखातर सांगत नाही ते सांगतात. त्यानंतर हवं तर तीन रकान्यांचा तक्ता मागावा: मूळ वाक्य, अडचण, सुचवलेला बदल. पटलेला बदल कॉपी करून चिकटवू नये, स्वतः टाइप करावा. टाइप करताना आपला हात ते वाक्य आपोआप आपल्या वळणावर आणतो.

लांब संभाषणात शैली घसरते. सुरुवातीला नमुन्यांसारखं लिहिणारं साधन बऱ्याच फेऱ्यांनंतर पुन्हा वर्तमानपत्री मराठीवर येतं. कारण तोवर संभाषणात त्याचाच मजकूर तुमच्या मजकुरापेक्षा जास्त झालेला असतो आणि ते त्यालाच नमुना धरतं. रागावून पुन्हापुन्हा सांगण्यात अर्थ नाही. नवं संभाषण उघडून नमुने पुन्हा जोडायचे.

बोलीच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: वऱ्हाडी किंवा नागपुरीत लिहून मागूच नये. येतं ते विडंबन. दर दोन वाक्यांत 'बे' आणि 'काऊन', नागपुरीत वऱ्हाडी मिसळलेली, त्यातच कुठे भंडारा-गोंदियाकडची झाडी बोली. 'बे' बरोबरीच्या मित्राला किंवा लहानाला चालतं. काकांना कोणी 'कुठे चालले बे' म्हणत नाही. साधनाला हा नात्याचा पदर कळत नाही, आणि वाचक नेमका तिथेच दुखावतो. उलट बाजूने, तुम्ही लिहिलेलं 'येऊन राहिला' त्याला हिंदीच्या प्रभावाची चूक वाटते आणि ते 'येत आहे' करून देतं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे पिढ्यानपिढ्या एकाच अंगणात नांदल्या, आणि हा प्रयोग आपल्या भाषेचा हक्काचा भाग आहे. तो ठेवायचा की नाही हे लेखकाने ठरवायचं. संवादात ठेवावा, निवेदन प्रमाण मराठीत करावं, ही वाटणी बहुतेक लेखांना मानवते, आणि तशी स्पष्ट सूचना दिली तर साधनंही ती पाळतात.

छापायला देण्याआधी एक तपासणी हाताने करावी. 'ऱ्य' आणि 'र्य', 'ऱ्ह' आणि 'र्ह' यांची गल्लत कॉपी करताना, फॉन्ट बदलताना आणि साधनाच्या उत्तरातही होते. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'वऱ्हाडी' हा शब्द 'वर्हाडी' असा छापलेला दिसला की डोळ्यांत खुपतो. 'र्य' आणि 'र्ह' शोधून एकेक जागा पाहावी. आचार्य, सूर्य बरोबर असतात, 'गोर्या', 'तर्हा' नाहीत. सगळं एकदम बदलण्याचं बटण इथे वापरू नये. तसंच 'केलं' आणि 'केले' एकाच परिच्छेदात मिसळलेले सापडतील, त्यातलं एक निवडून लेखभर तेच ठेवावं. शब्दसंख्याही साधनाला विचारू नये. ते शब्द मोजत नाही, टोकन नावाच्या तुकड्यांत वाचतं, म्हणून आकडा चुकतो. डॉक्समधला आकडा खरा धरावा.

स्थानिक माहितीत विशेष जपावं. मारबत, बडग्या, तान्हा पोळा यांसारख्या पोळ्याच्या वेळच्या नागपुरी परंपरांवर साधनं आत्मविश्वासाने लिहितात आणि तारखा, रस्ते, नावं यांची सरमिसळ करतात. त्यांनी दिलेलं प्रत्येक साल दुसरीकडे पडताळलं नसेल तर छापू नये.

जिथे आपला आवाज पणाला लागत नाही तिथे मात्र ही साधनं बिनधास्त वापरावीत. माहिती अधिकाराचा अर्ज हे उत्तम उदाहरण. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांपर्यंत असावा लागतो, शुल्क १० रुपये. रागाच्या भरात लिहिलेली दोन पानं साधनाला द्यावीत आणि सांगावं: "यातली मागितलेली माहिती क्रमांक घालून लिही, तक्रार आणि मत काढून टाक, १५० शब्दांत बसव." निकाल बहुतेक वेळा थेट सही करण्याजोगा असतो, फक्त शब्द स्वतः मोजून घ्यावेत. इंग्रजी परिपत्रकाचा मराठी गोषवारा, सभेचं इतिवृत्त, महानगरपालिकेला पत्र, यांतही हेच. अशा कामांत ही साधनं पैकीच्या पैकी गुण घेतात. ललित लेखन त्यांच्यावर सोपवलं तर पास होण्यापुरतेही देता येत नाहीत.

पैसे भरायची गरज फार थोड्यांना आहे. फुकटच्या खात्यात दिवसाकाठच्या वापरावर मर्यादा येते, पण एक लेख तपासायला तेवढं पुरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीने भारतासाठी ३९९ रुपये महिन्याची 'गो' योजना आणली. रोज लिहिणाऱ्याने किंवा अंक काढणाऱ्याने तिचा विचार करावा. फुकट असो वा विकतचं, सेटिंगमध्ये जाऊन आपला मजकूर मॉडेल सुधारायला वापरण्याची परवानगी आधी बंद करावी. दुसऱ्याची अप्रकाशित कविता किंवा कथा त्याला विचारल्याशिवाय साधनात टाकू नये.

आणि दिवाळी अंकांच्या संपादकांसाठी: एआयने लिहिलेलं ओळखून देणाऱ्या साधनांवर भरवसा ठेवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, आणि ते मुख्यतः इंग्रजीसाठी होतं. प्रमाण, नीटस मराठी लिहिणाऱ्या जुन्या शिक्षकावर अशा साधनाने खोटा ठपका ठेवला तर तो माणूस पुन्हा तुमच्या अंकाला लेख पाठवणार नाही. शंका आली तर लेखकाकडे पहिला खर्डा मागा. डॉक्समध्ये लिहिलेलं असेल तर 'व्हर्जन हिस्टरी' उघडून दाखवायला सांगा. वाक्यं कशी घडली, कुठे खोडली, कुठे परत आणली ते तिथे वेळेसकट दिसतं.