कायरोप्रॅक्टिकचं बारा सिटिंगचं पॅकेज, डोकेदुखी आणि माझा चष्मा : सात महिन्यांनंतरचा अनुभव

परवा कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हाताने मान-पाठीला झटके देऊन उपचार करणाऱ्या क्लिनिकला फोन केला, माझ्या तीन सिटिंग शिल्लक आहेत म्हणून, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली मॅडम सहा महिन्यांची व्हॅलिडिटी संपली, पॅकेज लॅप्स झालं. पावतीवर असं एक अक्षर नाही. फोटो काढून पाठवला तरी उत्तर एकच, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय. बारा सिटिंगचे १४,४०० मी पहिल्याच दिवशी भरले होते, म्हणजे ३,६०० गेले. रागात लिहितेय, पण जे बरं वाटलं तेही लिहिणार.

वय ४७. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला जाते, इन्शुरन्स क्लेम्सचं काम, रोज आठ-नऊ तास दोन स्क्रीनसमोर. दुपारी तीनच्या सुमाराला उजव्या बाजूला, कवटी मानेला टेकते तिथून ठणका सुरू व्हायचा आणि पाचपर्यंत उजव्या डोळ्यामागे यायचा. आठवड्यात चार दिवस तरी. रविवारी जवळजवळ नाहीच. न्यूरोलॉजिस्टने तपासून सर्व्हायकोजेनिक हेडेक सांगितलं, म्हणजे दुखणं मानेचं पण जाणवतं डोक्यात, कारण मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याच्या नसेचे निरोप आत एकाच ठिकाणी पोचतात. गोळ्यांवरून त्यांनी चांगलंच बजावलं, महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर तीन महिन्यांवर चालली तर तिच्यानेच डोकं दुखायला लागतं. मी तिथपर्यंत आलेच होते.

जानेवारीत कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. पहिल्या वेळी हिस्ट्री, एक्सरे, मग पालथं झोपवून पाठ आणि शेवटी उताणं करून मान एका बाजूला वळवून काडकन झटका. दुखत नाही, पण आवाजाने छातीत धडधडतं. उठले तर मान इतकी हलकी की स्टेशनपर्यंत चालत गेले. चौथ्या सिटिंगनंतर चार दिवसांचं दुखणं दीडेक दिवसावर आलं. डॉक्टर शांतपणे बोलतात, घाई करत नाहीत, वेळ पाळतात. पैसे वसूल.

हा वरचा, जानेवारीपासूनचा परिच्छेद फेब्रुवारीत मोबाईलमध्ये लिहून ठेवला होता, तेव्हा अगदी मनापासून लिहिलेला. आता मत बरंच बदललंय.

मार्च एंडिंगला तीन आठवडे खाडा झाला आणि दुखणं जसंच्या तसं परत. विचारलं तर म्हणाले मणका पुन्हा सरकलाय, अठराचं पॅकेज घ्या. मग मी वाचायला बसले. तो काडकन आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच. २०१५ मध्ये कॅनडात बोटाचा सांधा ओढताना एमआरआय काढून पाहिलं, तर आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या पाण्यात पोकळी तयार होताना दिसली. अठरा सिटिंगला आधार आहे हेही कबूल करते, २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात २५६ जणांवर सहा, बारा, अठरा असं करून पाहिलं, जास्त सिटिंगवाल्यांचे दुखण्याचे दिवस जास्त कमी झाले. पण २००२ चा ऑस्ट्रेलियातला २०० जणांचा अभ्यास सांगतो की मानेच्या आतल्या स्नायूंचे हलके व्यायाम केलेल्यांनाही तेवढाच फायदा झाला आणि वर्षभर टिकला. व्यायाम फुकट आहे हो! आणि मायग्रेन असेल तर आधी विचार करा, नॉर्वेत १०४ मायग्रेनवाल्यांवर पाहिलं तेव्हा खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या झटक्यानेही आराम पडला होता.

अजून एक, मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला आतून चीर जाऊन स्ट्रोक येऊ शकतो, हे मला नऊ सिटिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. आमचे हे सलूनमध्ये मालिशनंतर मान मोडून घ्यायचे, ते मी बंद केलं. झटक्यानंतर मानेत वेगळंच जोरात दुखलं, चक्कर आली, बोलणं अडखळलं किंवा दोन-दोन दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता खरं सांगायचंय ते. एप्रिलमध्ये घराजवळच्या फिजिओकडे गेले, तिने आधी ऑफिसात काम करतानाचा साईडने काढलेला फोटो मागितला. फोटोत माझी हनुवटी वर! दोन वर्षांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला, त्यात वरून लांबचं दिसतं, खालून वाचायचं आणि स्क्रीनच्या अंतरासाठी मध्ये एक अरुंद पट्टा. तो पट्टा स्क्रीनवर आणायला मी दिवसभर हनुवटी उचलून बसत होते, म्हणजे कवटीखालचे स्नायू आठ तास आवळलेले. त्यात क्लिनिकच्या पत्रकात छापलेलं की स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत ठेवा, म्हणून मी ९०० रुपयांचा स्टँड आणून स्क्रीन अजून वर केला होता. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी उलट स्क्रीन खाली घ्यायचा असतो. आणि रविवारी कॉम्प्युटर नाही म्हणून दुखणं नाही, ते वर लिहिलंय ना, मी ते प्रत्येकाला सांगितलं होतं पण कुणी धागा पकडला नाही.

स्टँड काढला. डोळ्यापासून स्क्रीन टेपने मोजला, ६५ सेंटीमीटर भरला, त्या अंतराचा साधा एकाच नंबरचा चष्मा १,८०० मध्ये करून घेतला, तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असतो. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं फिजिओचे व्यायाम. आता दोन महिने झाले, महिन्यातून दोनदा दुखतं, तेही सोसेल इतपत. चष्म्याने किती आणि व्यायामाने किती ते वेगळं काढता येणार नाही, पण माझा कौल चष्म्याला. चाळिशीपुढच्या डेस्कवाल्यांनी पॅकेजचे पैसे भरायच्या आधी स्वतःचा साईडचा एक फोटो काढून बघाच.

३,६०० साठी काल १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली. क्लिनिकलाही मेल केला, त्यात पैशांच्या खाली लिहिलंय की तुमच्या हिस्ट्रीच्या फॉर्मवर नोकरी, झोप, उशी सगळं विचारता, चष्मा कुठला आहे हा एक रकाना वाढवा.