सतराशे रुपयांचं ब्रॅकेट आणि सायकलची ट्यूब

पहिल्या फोटोत चित्रबलाक पक्षी शोधावा लागला. सगळी फ्रेम काळी, मधोमध बांगडीएवढं गोल भोक आणि त्या भोकात पांढरं-गुलाबी काहीतरी उभं. आमचे हे बघून म्हणाले, "विहिरीत पडलाय का तो?" दुर्बिणीला कॅमेरा जोडायचं हे ब्रॅकेट त्याच दिवशी परत पाठवायचं मी ठरवलं होतं. दोन हिवाळे झाले, ते अजून माझ्या पिशवीत आहे.

आधी सामान सांगते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी बघायची एका नळीची दुर्बीण, ६५ मिमी भिंगाचा, झूम २० ते ६० पट, आयपीस (डोळा लावायचा भाग) ४५ अंशांत वर वळलेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने घेतला. कॅमेरा कॅननचा पॉवरशॉट एस-९५, २०१० चं मॉडेल. भाच्याने नवा फोन घेतला तेव्हा "मावशी, तुला खेळायला" म्हणून दिला. या दोघांचं लग्न लावायला हे ब्रॅकेट ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातला माल चार-पाच नावांनी विकायला आहे.

रचना साधी आहे. एक कडं आयपीसभोवती बसतं आणि तीन स्क्रूंनी आवळायचं. कड्याला दांडी, दांडीवर छोटा पाट, पाटावर ट्रायपॉडला असतो तसाच पाव इंची स्क्रू. त्यावर कॅमेरा बसवायचा आणि वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे सरकवत त्याची लेन्स आयपीसच्या बरोबर मध्यावर आणायची. सोबतच्या कागदावर एवढंच लिहिलेलं आहे. खरी मेख कागदावर नाही: एस-९५ च्या लेन्सची नळी कॅमेरा चालू केल्यावर बाहेर येते आणि झूम करताना पुढे-मागे होते. ती आयपीसला टेकली की कॅमेरा लेन्स एरर दाखवून बंद पडतो. म्हणून नळी सगळ्यात पुढे येते ती जागा आधी बघायची, तिथे नखाएवढी फट ठेवायची आणि मगच पाट आवळायचा. मलेशियाच्या लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास आयपीसला डिजिटल कॅमेरा लावून पक्षी टिपायला सुरुवात केली. त्या काळात या कामासाठी निकॉनचे कूलपिक्स ९५० आणि ९९० लोकप्रिय झाले, कारण त्यांचं झूम आतल्या आत चालायचं, नळी बाहेर यायचीच नाही. ही माहिती मला दोनदा लेन्स एरर आल्यावर मिळाली.

आता ते काळं वर्तुळ. ब्रॅकेटला शिव्या देण्याआधी हे समजून घ्या. आयपीसमधून दिसतं तेच मुळात गोल असतं, आणि कॅमेऱ्याची नजर २८ मिमीवर रुंद असते (लेन्सचा हा आकडा लहान तेवढी नजर रुंद), म्हणून भोवतीचा काळोखही फोटोत येतो. उपाय कॅमेऱ्याच्या झूममध्ये आहे. माझ्याकडे साधारण ७० मिमीपर्यंत गेलं की काळं निघून जातं. स्कोप २० पटीवर ठेवला तर २० गुणिले ७०, म्हणजे १४०० मिमीची लेन्स हातात आली. तेवढी खरी लेन्स मला आयुष्यात परवडली नसती. भाचा म्हणतो, फोनच लाव. लावून पाहिला. त्याची मुख्य लेन्स आणखी रुंद, त्यामुळे विहीर आणखी खोल.

माझ्यासारखी चूक करू नका: स्कोप ६० पटीवर नेऊ नका. गणिताची बाई आहे, हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६५ भागिले २०, म्हणजे आयपीसमधून सव्वातीन मिमीची प्रकाशाची काडी बाहेर पडते. ६० पटीवर तीच जेमतेम एक मिमी उरते. कॅमेऱ्याची लेन्स तेव्हा खरी १५ मिमीवर असते (वरचे ७० हा ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मानाने सांगायचा आकडा), म्हणजे पहिल्या वेळी छिद्र साधारण एफ/४.६ आणि दुसऱ्या वेळी एफ/१४; हा आकडा मोठा तेवढा उजेड कमी. पहाटेच्या उजेडात एफ/१४ वर पक्षी हलला नाही तरी फोटो हलतो.

आता तक्रारी. पहिलीच मोठी आहे. दांडीवरचा स्क्रू कितीही आवळा, दहा मिनिटांत कॅमेरा केसभर खाली बसतो आणि फोटोच्या एका कडेने काळी कोर चढायला लागते. कॅमेरा दोनशे ग्रॅमच्याही आतला, तरी ही गत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, जास्त टाइट करा." जास्त टाइट केलं आणि आटे गेले. शेवटी बारामतीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून नवे स्क्रू आणले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून दांडीवर आणि कड्याच्या आत घातली. तेव्हापासून पकड सुटलेली नाही. आयपीसच्या रबरावर कड्याने काढलेले ओरखडे मात्र आता कायमचे.

दुसरी गोष्ट घेण्याआधीच तपासा. काही झूम आयपीसचा वरचा भागच झूम करताना फिरतो. कडं त्याच्यावर बसवलंत तर झूम फिरवताना कॅमेराही घड्याळाच्या काट्यासारखा गरागरा फिरेल. माझ्या आयपीसला न फिरणारी पट्टी आहे, पण ती इतकी अरुंद की कडं जेमतेम बसतं. शिवाय मागचं वजन वाढल्याने स्कोपचं नाक वर उचलतं. स्कोप ट्रायपॉडच्या पट्टीवर थोडा पुढे सरकवला की तोल येतो.

आमचं मैदान भिगवण, उजनी धरणाचं मागचं पाणी. पहिल्यांदा उत्साहाने ट्रायपॉड होडीत मांडला. नावाडी पोरगा हसून म्हणाला, "काकू, ह्ये हलणारच की." १४०० मिमीवर होडीतला एक श्वाससुद्धा भूकंप असतो. आता काठावर बसते, सूर्य पाठीशी घेते आणि दहाच्या आत आवरते. नंतर पाण्यावरची हवा तापते आणि रोहित पक्ष्यांचे पाय उकळल्यासारखे लवलवतात. फोकस आधी डोळ्याने स्कोपवर करायचा, मग कॅमेरा लावून त्याच्या पडद्यावर पुन्हा बघायचा. उन्हात तो पडदा दिसत नाही. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेते, जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर काळं फडकं घ्यायचे तशी. बटण बोटाने दाबलं तरी सगळं थरथरतं, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. उभा बगळा, झोपलेलं बदक, खुंटावर मासा खात बसलेली मीनखाई, एवढ्यांसाठी हे ठीक. उडत्या पक्ष्याचं नावही काढू नका. तो फ्रेममध्ये सापडेपर्यंत सोलापूर जिल्ह्यात पोचलेला असतो.

ज्यासाठी घेतलं नव्हतं, तिथे मात्र याने पैसे वसूल केले. गच्चीवरून अष्टमीचा चंद्र. उजेड भरपूर, चंद्र पळत नाही, आणि १४०० मिमीवर तो फ्रेमच्या निम्म्या उंचीएवढा येतो. शटर १/१२५ ठेवलं, आयएसओ ८०. उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं खडूने काढल्यासारखी उमटली. शेजारच्या दोन पोरी रात्री साडेनऊपर्यंत गच्चीवरून खाली उतरेनात.

पाचातले तीन तारे, त्यातला अर्धा सायकलच्या ट्यूबचा. स्कोप घरात असेल आणि नळी फार बाहेर न येणारा, तीन-चार पट झूमचा जुना कॅमेरा कपाटात पडला असेल, तर घ्या. यासाठी कॅमेरा नवा विकत घेणार असाल तर राहू द्या. लांब झूमवाले कॅमेरे तर याला अजिबात चालत नाहीत, त्यांच्या नळीच्या वजनानेच पाट वाकतो.

भाचा परवा फोनवर विचारत होता, "मावशी, तो कॅमेरा अजून चालतो?" म्हटलं, चालतो, बॅटरी तेवढी दमलीय. येताना एनबी-६एल दोन घेऊन ये.